मत आणि पैसा : टस्कीगी येथील मंडळ्यांची हकीकत

(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६, ओव्या १६ ते ४०.)

फिलिप्पै शहरातील ह्या वृत्तांतावर आमच्या मंडळ्यांत उपदेश पुष्कळ होतात. भूमिकंप झाला, बंदिशाळेचे दरवाजे उघडले, बंदिशाळेच्या नायकाने तारणाविषयी विचारले आणि त्याच रात्री त्याच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला, हा भाग लहान मुलांसही ठाऊक असतो. परंतु ह्या तंट्याचा आरंभ कशाने झाला व शेवट कशाने झाला, इकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. आरंभ पैशाने झाला. पौलाने दासीतील भूत काढले, त्यामुळे तिच्या धन्यांची मिळकत बुडाली. चौकात मात्र त्यांनी मिळकतीचे नाव काढले नाही. हे लोक आमच्या रीतीभाती मोडतात, असे गाऱ्हाणे त्यांनी घातले. शेवट झाला तो नागरिकपणाच्या हक्काने. सकाळी अधिकाऱ्यांनी सोडून देण्याचा निरोप पाठविला, तरी पौल निमूटपणे जाईना. आपण रोमी नागरिक असून आपणांस चौकशीवाचून चारचौघांत फटके मारले, तेव्हा अधिकाऱ्यांनीच येऊन आपणांस बाहेर न्यावे, असे त्याने कळविले, आणि त्यांस यावे लागले.

हा हट्ट पौलाने स्वतःच्या मानासाठी धरला काय? आम्हांस तसे वाटत नाही. तो तर लवकरच ते शहर सोडून गेला. लुदियेच्या घरी जमणाऱ्या लहानशा मंडळीस मात्र पुढेही त्याच अधिकाऱ्यांच्या अमलाखाली राहावयाचे होते. पौलाने सूड मागितला नाही, तसा हक्कही सोडला नाही. आणि हक्क मागितला तो मागे राहणाऱ्यांसाठी, असे आम्ही समजतो. पैसा व नागरिकपण ह्यांची अशीच गाठ अमेरिकेतील एका लहान गावी पडली होती. ती हकीकत ह्या पाठाच्या जोडीला वाचावी म्हणून येथे देत आहो.

गावाचे नाव टस्कीगी. ते आलाबामा संस्थानात, मेकन परगण्यात आहे. नाव अगदीच अनोळखी नाही. भुईमुगाच्या व रताळ्याच्या संशोधनासाठी नावाजलेले डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ सालापासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले, आणि वीणा गवाणकर ह्यांच्या १९८१ सालच्या ‘एक होता कार्व्हर’ ह्या चरित्रामुळे ते मराठी घरांत आपलेसे झाले. त्यांना तेथे बोलावून आणणारे बुकर टी. वॉशिंग्टन हे जन्माने गुलाम होते. त्यांनी १८८१ साली तेथे शाळा उघडली. पहिले वर्ग भरले ते बटलर चॅपल नावाच्या एका मेथडिस्ट मंडळीच्या पडक्या जागेत. ह्या चॅपलचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

वॉशिंग्टन ह्यांचे चरित्र सांगताना एक गोष्ट बहुधा वगळली जाते. ती शाळा मतांच्या बळावर मिळाली होती. गुलामगिरी १८६५ साली संपली, व १८७० साली संविधानाच्या पंधराव्या दुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांस मताचा हक्क मिळाला. १८८० साली डब्ल्यू. एफ. फॉस्टर नावाचे एक गोरे गृहस्थ आलाबामाच्या कायदेमंडळासाठी उभे होते. त्यांनी ल्युइस अॅडम्स ह्या कृष्णवर्णीय कारागिराची भेट घेतली. अॅडम्स पूर्वी गुलाम होते. पत्र्याचे काम करून ते पोट भरीत. आपल्या लोकांची मते हवीत तर आम्हांस शाळा द्या, असे अॅडम्स ह्यांनी सांगितले. फॉस्टर निवडून आले, आणि कायदेमंडळाने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले. ज्या शाळेने पुढे हजारो लोकांस शहाणे केले तिचा पाया एका पत्रेकाम करणाऱ्या माणसाच्या व्यवहारज्ञानावर बसला आहे, हे आम्हांस मोठे समाधानाचे वाटते.

हे बळ फार दिवस राहू दिले नाही. १९०१ साली आलाबामाने नवे संविधान केले, ते कृष्णवर्णीयांस मतदानातून घालविण्यासाठीच. साक्षरतेची परीक्षा आली, मालमत्तेची अट आली, डोईपट्टी आली. ही पट्टी वर्षाला दीड डॉलर असे आणि न भरलेल्या वर्षांची बाकी साठत जाई, म्हणजे गरिबाने एकदा चुकविली की मत त्याच्यापासून वर्षागणिक दूर जाई. मेकन परगण्यात दर सहा माणसांत सुमारे पाच कृष्णवर्णीय असत. अशा ठिकाणी कायदा पुरेना, म्हणून युक्त्या योजल्या. मतदारांची नोंदणी करणारे मंडळ कित्येक महिने अस्तित्वातच नसे. असे तेव्हा कृष्णवर्णीयांस वेगळ्या खोलीत, एका वेळी दोघे, असे बसवीत, व देशाच्या संविधानाचा सबंध दुसरा भाग हाताने उतरवून काढावयास लावीत. बराच काळ नोंदणीसाठी गोऱ्या मतदाराची हमीही लागे. अध्यापक व डॉक्टर ह्यांसही नापास ठरवून परत लावण्यात आले. ज्यांनी परीक्षा घ्यावयाची त्यांनाच उत्तीर्ण करावयाचे नसेल, तर कितीही विद्या अपुरी पडणार, हे उघड आहे.

चार्ल्स गोमिलियन हे ह्याच विद्यालयात समाजशास्त्र शिकवीत. १९४१ साली स्थापन झालेल्या टस्कीगी नागरिक संघाचे ते पुढारी होते. त्यांची रीत अगदी शांत. दरवर्षी थोडी थोडी माणसे नोंदणीच्या खोलीपर्यंत न्यावी, नाकारली तर अर्ज करावा, अर्ज नाकारला तर दावा करावा, आरडाओरड नाही. ह्या चिकाटीने १९५७ सालापर्यंत गावाच्या हद्दीत सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदार झाले. आणखी काही वर्षांत गावाचा कारभार कोणाच्या हाती जाईल हे गोऱ्या पुढाऱ्यांस दिसू लागले.

तेव्हा सॅम एंगलहार्ट नावाच्या सभासदाने कायदेमंडळात एक विधेयक आणले. त्यात मतदारांचा उल्लेख नव्हता, वर्णाचाही नव्हता. फक्त गावाची शीव नव्याने आखली होती. पूर्वी टस्कीगीची हद्द चौकोनी होती. आता तिला २८ बाजू झाल्या. ही रेषा घराघराच्या कडेने अशी वळत गेली की, ४०० मतदारांपैकी चार-पाच वगळून सर्व कृष्णवर्णीय गावाबाहेर पडले, आणि गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. प्रसिद्ध विद्यालयही गावाबाहेर झाले. माणसे आपल्या घरातून हलली नव्हती. त्यांच्या पायांखालून गाव काढून घेतले होते.

१९५७ सालच्या जून महिन्याच्या २५ तारखेस, मंगळवारी, बटलर चॅपलमध्ये सभा भरली. सुमारे ३,००० माणसे आली. चॅपल भरून माणसे बाहेर उभी राहिली. गोमिलियन ह्यांनी लोकांस सांगितले ते थोडक्यात असे : जे आम्हांस नागरिक म्हणून मान देतात, आणि जे निदान आमच्या वाटेत आडवे येत नाहीत, त्यांच्याकडेच आम्ही आपला पैसा खर्च करू. ‘बहिष्कार’ हा शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळला. आलाबामात १९२१ सालापासून व्यापाराच्या बहिष्काराविरुद्ध कायदा होता, आणि शेजारच्या माँटगोमेरी शहरात १९५६ साली त्याच कायद्याखाली पाळक मार्टिन ल्यूथर किंग ह्यांस ५०० डॉलर दंड झाला होता. म्हणून टस्कीगीच्या लोकांचे बोधवाक्य, मित्रांशी व्यापार करा, एवढेच राहिले. कोणत्या दुकानात जाऊ नये हे कोणी कोणास सांगितले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र गावातील गोऱ्यांची दुकाने ओस पडली.

येथे थोडे थांबून हे कसे शक्य झाले ते पाहिले पाहिजे, नाहीतर आमचे वाचक ह्यातून भलतेच अनुमान काढतील. टस्कीगीत विद्यालय होते, आणि १९२३ साली सुरू झालेले माजी सैनिकांचे मोठे इस्पितळ होते. तेथील डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, कारकून व स्वयंपाकी ह्यांचा पगार गावातील गोऱ्या मालकांच्या हातून येत नसे. त्यांच्यापैकी पुष्कळांकडे मोटारी होत्या. ते शेजाऱ्यांस बरोबर घेऊन दुसऱ्या शहरी बाजारास जात. परंतु परगण्यात बाहेर शेतांवर दुसरे कृष्णवर्णीय राहत होते. ते गोऱ्या जमीनदाराच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवीत, आणि बियाण्यापासून मिठापर्यंत सर्व उधारीवर घेत. अशा माणसाने कोणते दुकान सोडावे? दुकान सोडले तर उधारी बंद, उधारी बंद तर पेरणी बंद, आणि कदाचित डोक्यावरचे छप्परही जावयाचे. ज्याची भाकर ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध थैली आवळणे सोपे नाही. टस्कीगीच्या पगारदारांचे धैर्य आम्ही कमी लेखीत नाही. पण ते धैर्य पगारावर उभे होते, आणि शेतावरच्या बांधवांस भित्रे म्हणण्याचा अधिकार त्या पगाराने कोणास दिला नव्हता.

‘बहिष्कार’ ह्या शब्दाविषयी आणखी एक गोष्ट. आमच्या खेड्यांतील जुन्या ख्रिस्ती घराण्यांस हा शब्द उलट्या बाजूने ठाऊक आहे. विहीर बंद, वाण्याने सौदा देणे बंद, न्हाव्याने हात लावणे बंद, शेतावर काम बंद, अशी शिक्षा गावकीने आमच्या पूर्वजांपैकी अनेकांस दिली; आणि वाळीत टाकण्याची ही रीत इतकी टिकून राहिली की, महाराष्ट्रात तिच्याविरुद्ध २०१६ साली निराळा कायदा करावा लागला. तेव्हा टस्कीगीत घडले तेही तेच नव्हे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर, नाही. गावकीच्या बहिष्काराने माणसाचे पाणी तोडले जाते, अन्न तोडले जाते, त्याचा सोयरसंबंध तुटतो. आणि त्याने आपल्या जागी परत वाकून यावे एवढाच त्याचा हेतू असतो. टस्कीगीत कोणाचे पाणी तोडले नव्हते. गिऱ्हाइकाने आपल्या कष्टाचा पैसा आपल्या मर्जीच्या ठिकाणी नेला, आणि दुकानदारास नागरिक म्हणून शेजारी होण्याचे आमंत्रण खुले राहिले. तरी धोका आहेच. शेजारी कोठे खरेदी करतो ह्यावर पाळत ठेवून त्यास धमकावण्यास आरंभ झाला, म्हणजे दोन्ही बहिष्कार एक होतात. संघाने हे ओळखले होते, आणि कोणावर जबरदस्ती होता कामा नये हा त्याचा नियम होता.

सरकारने नेमका तोच आरोप केला. आलाबामाचे महाधिवक्ता जॉन पॅटर्सन ह्यांनी संघाच्या कचेरीची झडती घेवविली, कागद नेवविले, आणि लोकांस धाक दाखवून दुकानांपासून दूर ठेवले जाते असा दावा लावला. १९५८ साली आलाबामाच्याच न्यायालयाने तो फेटाळला. आपला पैसा कोठे खर्च करावा हे ज्याचे त्याने ठरवावे, हे त्या न्यायाधीशासही मान्य करावे लागले. इकडे रागाच्या भरात कायदेमंडळाच्या पुढाऱ्यांनी आणखी एक उपाय काढला : सबंध मेकन परगणाच मोडून शेजारच्या परगण्यांत वाटून टाकावा. त्यासाठी १९५७ सालच्या डिसेंबरात संस्थानाच्या संविधानात दुरुस्तीही मंजूर झाली. ती अमलात मात्र आली नाही. इतके कृष्णवर्णीय मतदार आपल्याकडे घेण्यास शेजारी तरी कोठे उत्सुक होते!

दर आठवड्यास सभा भरत राहिल्या, आज ह्या मंडळीत तर पुढल्या खेपेस त्या मंडळीत. प्रार्थना होई, गीते होत, दाव्याची हकीकत सांगितली जाई, वर्गणी गोळा होई. अनेक दुकानांना कुलपे लागली. तरीही कायदेमंडळ हलले नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण अशा हकीकती सांगताना पैसा रोखला आणि विजय झाला असे म्हणण्याचा मोह होतो. टस्कीगीत तसे झाले नाही. ज्या दुकानदारांचे नुकसान झाले त्यांस शीव बदलण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्यांस अधिकार होता ते माँटगोमेरीच्या राजवाड्यासारख्या कायदेमंडळात बसत. त्यांच्या घरचा किराणा ह्यामुळे अडला नव्हता.

शीव पुसली न्यायालयाने. गोमिलियन व त्यांचे सोबती ह्यांनी नगराध्यक्ष फिलिप लाइटफुट ह्यांच्याविरुद्ध दावा केला. वकील होते फ्रेड ग्रे, आलाबामाचेच कृष्णवर्णीय तरुण. ते स्वतः उपदेशकाचेही काम करीत. खालच्या न्यायालयांत दोनदा हार झाली, कारण गावाची शीव आखणे हा संस्थानाचा हक्क आहे असे जुने निकाल होते. प्रकरण वॉशिंग्टन येथील सर्वोच्च न्यायालयात गेले. ग्रे ह्यांनी न्यायाधीशांपुढे मोठा नकाशा ठेवला. त्यावर जुना चौकोन होता आणि त्याच्या पोटात २८ बाजूंची नवी आकृती. तिच्या आकारापुढे फारसे बोलावे लागले नाही. १९६० सालच्या नोव्हेंबरच्या १४ तारखेस सर्व न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की, शीव आखण्याच्या नावाखाली वर्णावरून मताचा हक्क हिरावून घेणे संविधानाच्या पंधराव्या दुरुस्तीविरुद्ध आहे. १९६१ साली खालच्या न्यायाधीशाने नवी हद्द रद्द केली, आणि टस्कीगी पुन्हा चौकोनी झाले. त्याच साली मतदारांच्या नोंदणीतील लबाडीविरुद्धही हुकूम निघाला.

मग साडेतीन वर्षे पैसा रोखून काय मिळाले? आम्ही असे समजतो की, त्याने लोक एकत्र राहिले. दावा चार वकील व बारा वादी चालवू शकतात. बाकीच्यांनी केवळ वाट पाहावयाची असते, आणि वाट पाहणारे विखुरतात. येथे जिचे नाव यादीत कधी चढलेच नव्हते अशी स्वयंपाकीणबाईसुद्धा दर शनिवारी आपल्या पिशवीने मत देत होती. ज्यांस मतपेटी बंद होती त्यांस बाजार उघडा होता. आणि कायद्याने हक्क काढून घेण्याची किंमत कोणास तरी मोजावी लागते, हे गावातील गोऱ्या कुटुंबांस पहिल्यानेच कळले.

ही रीत टस्कीगीने शोधून काढली नव्हती. जेथे काम मिळत नाही तेथे खरेदी करू नका, ही हाक १९३० च्या सुमारास शिकागो, हार्लेम व वॉशिंग्टन येथे उठली होती. माँटगोमेरीच्या लोकांनी १९५५ सालच्या डिसेंबरपासून ३८१ दिवस शहराच्या बसगाड्यांत पाऊल टाकले नाही. ज्यांच्या अटकेवरून ते घडले त्या रोझा पार्क्स ह्यांचा जन्म टस्कीगीचाच. आमच्या पाळकांस व उपदेशकांस फिलाडेल्फियाचे उदाहरण अधिक उपयोगी वाटेल. तेथे १९६० साली लिऑन सलिव्हन ह्या बाप्टिस्ट पाळकांच्या पुढाकाराने सुमारे ४०० पाळक एकत्र आले. एका वेळी एकच कंपनी निवडावयाची, तिच्या चालकांस शांतपणे भेटून कृष्णवर्णीयांस चांगल्या जागा द्या म्हणून सांगावयाचे, आणि नाकारले तर रविवारी सर्व व्यासपीठांवरून त्या कंपनीचा माल न घेण्याची सूचना द्यावयाची. आरंभ केक-पाव करणाऱ्या एका मोठ्या कंपनीपासून झाला, आणि काही महिन्यांतच तिने मागणी मान्य केली. टस्कीगीहून येथे भेद असा की, ज्याच्याकडे मागणी होती त्याच्याच खिशाला झळ लागत होती. हा भेद ज्यांस समजत नाही ते चुकीच्या दुकानाला कुलूप लावून बसतात.

टस्कीगीत १९६४ साली नगरसभेची निवडणूक झाली, आणि दोन कृष्णवर्णीय सभासद निवडून आले. एक डॉ. स्टॅन्ली स्मिथ, दुसरे पाळक के. एल. ब्यूफर्ड, हे बटलर चॅपल मंडळीचे पाळक. मते आता पुरेशी होती. आणखी जागा घेता आल्या असत्या. परंतु गोमिलियन ह्यांनी त्या मुद्दाम घेतल्या नाहीत. एका वर्णाची मक्तेदारी जाऊन दुसऱ्याची यावी ह्यासाठी आपण झगडलो नाही, गोऱ्या शेजाऱ्यांस बरोबर घेऊन कारभार शिकावा, असे त्यांचे म्हणणे होते. तरुणांस हे पटले नाही. जे न्यायाने आपले आहे ते मागताना इतका संकोच कशासाठी, असे ते विचारीत. १९६६ सालच्या जानेवारीत सॅमी यंग नावाच्या विद्यार्थ्यास एका पेट्रोल पंपावर गोऱ्यांसाठी राखलेल्या शौचकूपावरून झालेल्या तंट्यात गोळी घालून ठार मारले, आणि मारणारा पंचांपुढे निर्दोष सुटला. त्यानंतर संयमाचा उपदेश ऐकण्याच्या मनःस्थितीत फार थोडे राहिले. दोन्ही पक्षांस जे म्हणावयाचे होते त्यात ख्रिस्ती मनास पटण्याजोगे पुष्कळ आहे. मंडळीत ह्यावर चर्चा व्हावी आणि पौलाच्या उत्तराशी ते ताडून पाहावे, एवढेच आम्ही सुचवितो.

ह्या दरम्यान १९६५ सालच्या मतदान-हक्काच्या कायद्याने आलाबामातील साक्षरतेची परीक्षा बंद झाली. ज्यांस १९५७ साली दुकान सोडता आले नव्हते ती शेतांवरची माणसे यादीत येऊ लागली. १९६६ साली मेकन परगण्याच्या शेरीफच्या, म्हणजे मुख्य पोलीस अधिकाऱ्याच्या, जागेसाठी ल्यूशियस अॅमरसन हे कृष्णवर्णीय गृहस्थ उभे राहिले. गावातील जाणत्या पुढाऱ्यांपैकी कित्येकांस ही घाई वाटली. शेतांवरून मात्र त्यांस भरभरून मते पडली, आणि १९६७ सालच्या जानेवारीत त्यांनी अधिकार हाती घेतला.